मात्रा चुकू नये म्हणून

आपल्या त्रैमासिकाच्या एका अंकात आमच्याकडून एक चूक छापली गेली, हे अनेक वाचकांस स्मरत असेल. एका दिवंगत ज्येष्ठ वैद्यांच्या टिपणवहीतील काही अनुभूत योग आम्ही क्रमशः प्रसिद्ध करीत होतो. त्यांतील एका वटीच्या पाठात ‘शुद्ध कुचला’ अर्धी गुंज असे मूळ वहीत स्पष्ट लिहिलेले होते. छापून आले ते ‘शु कुचला, १ गुंज’. हिंगणघाटच्या एका वैद्यबंधूंनी अंक हाती पडताच दूरध्वनी केला म्हणून बरे. पुढील अंकात आम्ही शुद्धिपत्र दिले, क्षमा मागितली आणि प्रकरण मिटले असे समजलो. ते तसे मिटले नव्हते. शुद्धिपत्राचा अंक एकाच्या संग्रही असतो आणि चुकीचा अंक दुसऱ्याच्या. शिवाय ही चूक घडली कशी, याचा छडा लावल्यावर आमच्या ध्यानी आले की अशाच चुका आणखी घडण्याची सर्व तयारी आपण करून ठेवलेली आहे.

घडले होते ते असे. ती वही काही वर्षांपूर्वी एका जुन्या मराठी फाँटमध्ये टंकित झालेली होती. अंक बांधताना तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या फाँटमध्ये आणला गेला. पहिल्या फाँटमधील ‘द्ध’ हे जोडाक्षर आणि अर्ध्याचे चिन्ह ज्या जागी होते, त्या जागा दुसऱ्या फाँटमध्ये रिकाम्या होत्या. दोन्ही चिन्हे निमूटपणे गळाली. अक्षरजुळणी करणाऱ्याने ‘गुंज’ या शब्दामागे आकडा नाही हे पाहिले आणि सद्हेतूने तिथे ‘१’ घातला. आम्ही मुद्रिते वाचली, ‘शु’ हा ‘शुद्ध’चा संक्षेप असावा असे समजून पुढे गेलो. आयुर्वेदिक फॉर्म्युलरीच्या मानाप्रमाणे एक गुंज म्हणजे १२५ मिलिग्रॅम. साडेबासष्टाचे सव्वाशे झाले, तेही शोधनाचा उल्लेख गळालेल्या विषद्रव्याच्या बाबतीत. आपल्या भाषेत औषधाच्या प्रमाणालाही मात्रा म्हणतात आणि अक्षरावरच्या खुणेलाही. त्या दिवशी दोन्ही मात्रा एकाच ओळीत बिघडल्या.

हे संगणकवाल्यांचे काम आहे, वैद्यांनी त्यात कशाला लक्ष घालावे, असा प्रश्न आमच्या कार्यकारिणीतही विचारला गेला. त्याचे उत्तर या लेखात देण्याचा विचार आहे.

प्रथम जुन्या फाँटची गोष्ट समजून घेऊ. जुन्या छापखान्यात खिळ्यांची पेटी असे आणि पेटीला खण असत. कुठल्या खणात कुठले अक्षर, हे जुळाऱ्याच्या हाताला पाठ असे. १९९० च्या दशकात संगणकावर मराठी आली तेव्हा हाच प्रकार झाला, फक्त खण उरले २५६, आणि त्यांतील निम्मे मुळात रोमन अक्षरांसाठी आखलेले. प्रत्येक फाँटकर्त्याने आपापल्या सोयीने त्या खणांत काना, वेलांटी, अर्धी अक्षरे व जोडाक्षरे बसवली. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. आत रोमन अक्षरे व चित्रविचित्र चिन्हे होती आणि वर मराठी अक्षरांचा मुखवटा होता. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे सुरेख, हिंदीतील कृतिदेव या प्रत्येकाची खणांची मांडणी वेगळी. मुखवटा बदलला की खालचा चेहरा दिसे. आमच्यापैकी अनेकांनी आपलाच लेख दुसऱ्याच्या संगणकावर उघडल्यावर कंस, टक्के आणि डॉलरच्या चिन्हांचा जो काला पाहिलेला आहे, तो हाच.

या फाँटांनी मराठीची मोठी सेवा केली, हे नमूद केलेच पाहिजे. खिळे जाऊन संगणक आला त्या काळात गावोगावची नियतकालिके चालू राहिली ती त्यांच्यामुळे. पेजमेकरमध्ये बसून आल्ट कळ दाबून चार आकडी क्रमांकाने ‘ह्म’ किंवा ‘क्ष्म’ काढणारे अक्षरजुळणीकार आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या डोक्यात शंभरेक क्रमांक असत आणि एखादा क्रमांक आठवला नाही तर ते शेजारच्या दुकानात विचारून येत. पण जे साधन त्या काळी आवश्यक होते, ते आज धरून बसणे हे शोधन न झालेले द्रव्य केवळ घरात शिल्लक आहे म्हणून वापरण्यासारखे आहे.

आता आपल्या पानाकडे पाहावे. एखाद्या दैनिकाचे पान एका भाषेत चालते. आयुर्वेदाचे पान तसे चालत नाही. वर संस्कृत श्लोक, खाली मराठी विवरण, द्रव्याचे लॅटिन शास्त्रीय नाव, तपासण्यांची इंग्रजी परिमाणे, एखादा हिंदी संदर्भ, आणि कुठे लिप्यंतरासाठी डोक्यावर आडवी रेघ व पायाखाली टिंब असलेली रोमन अक्षरे. ही आपली हौस नव्हे, तो विषयाचा स्वभाव आहे. फार्मसीमालकांच्या बाबतीत तर तो कायदाच आहे. औषध नियम, १९४५ मधील नियम १६१ प्रमाणे वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी यादी, वनस्पतिज द्रव्यांची शास्त्रीय नावे, वापरलेला भाग आणि प्रत्येकाचे प्रमाण द्यावे लागते. अनुसूची ई (१) मधील द्रव्य पोटात घेण्याच्या औषधात असेल, तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे ही सावधगिरीची सूचना इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत छापणे बंधनकारक आहे. आमचा कुचला याच अनुसूचीत बसतो, वत्सनाभ आणि भल्लातकही. म्हणजे वर्ध्याच्या एखाद्या लहान फार्मसीने मराठी ग्राहकासाठी केलेल्या डबीवरही किमान तीन भाषा आणि दोन लिपी येतातच. माल यवतमाळ ओलांडून आदिलाबादकडे जाणार असेल तर तेलुगूही येते.

हा बहुभाषिकपणा नवा नाही. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली चरक व सुश्रुत संहिता टीकांसह छापली. मूळ मोठ्या ठशात, टीका लहान ठशात, पाठभेद तळटिपांत. ती पाने आजही उघडली तर ‘हिङ्ग्वष्टक’ काय आणि ‘राजयक्ष्मा’ काय, जोडाक्षर जिथल्या तिथे, एकाखाली एक नीट रचलेले दिसते. देवनागरीच्या हातजुळणीसाठी कित्येक शेकडा वेगवेगळे खिळे लागत. त्या खर्चाला आणि कष्टाला तो छापखाना कचरला नाही, म्हणून आपल्या दोन पिढ्या निर्दोष ग्रंथांवर शिकल्या.

वर्ध्याचा या गोष्टीशी असलेला संबंध मात्र आपल्याच लोकांना फारसा ठाऊक नसतो. खिळे फार, टंकयंत्राच्या कळा थोड्या, ही अडचण त्या काळी साऱ्या देशाला जाणवत होती. लोकमान्य टिळकांनीही देवनागरीच्या ठशांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता. १९३५ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन झाले, त्यानंतर काका कालेलकरांच्या पुढाकाराने लिपिसुधारणेची चळवळ उभी राहिली. १९३६ साली वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि समितीच्या प्रकाशनांत ‘अ’ची बाराखडी प्रत्यक्ष वापरात आली. इ, ई, उ, ए ही स्वतंत्र अक्षरे काढून त्यांच्या जागी ‘अ’लाच वेलांटी, उकार व मात्रा लावायच्या. ‘इलाज’ नव्हे, ‘अिलाज’. ‘उपचार’ नव्हे, ‘अुपचार’. आपल्यापैकी ज्यांच्या घरी त्या काळची वर्ध्याची हिंदी पुस्तके आहेत, त्यांनी ती काढून पाहावीत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीही मराठीत अशीच सुधारणा सुचवली होती. राजकारणात दोन टोकांना असलेली माणसे वेलांटीच्या बाबतीत एकमत झाली, ही गोष्ट आम्हांस नेहमी मौजेची वाटत आली आहे.

या प्रयत्नाचे हेतू शुद्ध होते आणि त्यामागे तपश्चर्या होती. परंतु त्याची दिशा यंत्राकडून लिपीकडे होती. यंत्राला झेपत नाही म्हणून लिपीने अंग चोरावे, असा तो विचार. समाजाने तो स्वीकारला नाही, आणि पुढे यंत्रच बदलले. आज ‘इलाज’ हा शब्द शोधू गेल्यास ‘अिलाज’ सापडत नाही, कारण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या फाँटांबाबत आपण नकळत हीच तडजोड करीत आलो आहोत, फक्त तिच्यामागे ना विचार आहे ना तप. फाँटमध्ये ‘ङ्ग’ नाही म्हणून ‘हिंग्वष्टक’ लिहायचे हे मराठीत ठीक आहे, पण संस्कृत श्लोकातही परसवर्ण सोडून अनुस्वार ठोकायचा, अवग्रहाच्या जागी इंग्रजी एस अक्षर घालायचे, दोन दंडांच्या जागी दोन उभ्या रेघा मारायच्या. कोणी म्हणेल, अर्थ तर कळतो. अर्थ ‘शु कुचला’चाही आम्हांस कळला होता.

यंत्र बदलले ते युनिकोडमुळे. १९९१ च्या ऑक्टोबरात युनिकोडची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. आपल्याकडील इस्की या प्रमाणाच्या पायावर देवनागरीला तिच्यात १२८ जागांचा स्वतंत्र गट मिळाला. इथे खणात अर्धी अक्षरे वा जोडाक्षरे नसतात, मूळ वर्ण असतात. ‘द’, हलन्त, ‘ध’ एवढेच साठवले जाते, त्याचे ‘द्ध’ करून दाखवणे हे फाँट आणि सॉफ्टवेअर यांनी मिळून करायचे काम. ‘अ’वर चंद्र असलेले मराठीचे ‘ॲ’ स्वतंत्रपणे २००८ साली आले आणि वैदिक स्वरचिन्हांचा विस्तारित गट २००९ साली. अथर्ववेदातील सूक्ते स्वरांसह देऊ इच्छिणाऱ्या आपल्या लेखकांची अडचण तेव्हापासून तत्त्वतः दूर झाली आहे.

‘तत्त्वतः’ म्हणण्याचे कारण असे की मधली वर्षे फार गोंधळाची गेली, आणि त्या गोंधळाने युनिकोडचे नाव उगाच बदनाम केले. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये भारतीय भाषा होत्या, पण निजलेल्या. प्रादेशिक भाषांच्या मांडणीत जाऊन संमिश्र लिपींच्या चौकटीत खूण करावी लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. हे कोणी सांगितलेच नाही, म्हणून कित्येक वैद्यांनी मराठी येत नाही असे ठरवून टाकले. पुढे लेख युनिकोडमध्ये येऊ लागले, पण पाने बांधण्याचे सॉफ्टवेअर जुने. पेजमेकरची सातवी आवृत्ती ही शेवटची ठरली, तिला युनिकोड देवनागरी कधीच कळली नाही. इनडिझाइनला कळली, पण तिथेही एक मेख आहे, आणि आमच्या मते आपल्या जिल्ह्यातील निम्म्या तक्रारी त्या एका मेखेपाशी अडलेल्या आहेत.

इनडिझाइनमध्ये परिच्छेदाची ओळ रचणारा एक अंतर्गत भाग असतो, त्याला कंपोझर म्हणतात. नेहमीचा कंपोझर रोमन लिपीसाठी आहे. त्याच्या हाती ‘विरेचन’ दिले तर तो ‘व’ आधी ठेवतो आणि वेलांटी नंतर, जोडाक्षरे फोडून हलन्त दाखवतो. भारतीय लिपींसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर नावाचा दुसरा आहे. २०१२ च्या सीएस-६ आवृत्तीपासून हिंदी-मराठीसह दहा भारतीय भाषांना त्याचा अधिकृत आधार मिळाला. परिच्छेदाच्या पट्टीतील यादीतून तो निवडावा लागतो, आणि कोणताही दस्तऐवज उघडलेला नसताना ही निवड करून ठेवली तर पुढील सर्व कामाला ती लागू राहते. एवढे एक काम केले की ‘विरेचन’ विरेचन दिसते. आमच्या अंकाचे काम करणाऱ्या तरुणाने हे आम्हांस करून दाखवले, तेव्हा त्याला अर्धे मिनिटही लागले नाही. त्याआधी आम्ही दोन वर्षे युनिकोडला नावे ठेवीत होतो.

दुसरी गोष्ट भाषेची खूण. देवनागरी एक असली तरी वळणे एक नाहीत. मराठीचा ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा. हिंदीत ही दोन्ही अक्षरे वेगळ्या वळणाने छापतात. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमाला व लिपी यांविषयी आदेश काढला आणि नोव्हेंबर २०२२ मधील सुधारित आदेशात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला. पण युनिकोडमध्ये हिंदी ‘ल’ आणि मराठी ‘ल’ यांची जागा एकच आहे. कोणते वळण दाखवायचे, हे मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरते. अर्थात फाँटमध्ये दोन्ही वळणे असली आणि सॉफ्टवेअरने ती खूण वाचली तरच. म्हणून मराठी मजकुराला मराठी, हिंदी सूचनेला हिंदी, शास्त्रीय नावांना लॅटिन वा इंग्रजी अशी खूण स्वतंत्र शैलीतून लावून ठेवावी. ओळीअखेर शब्द कुठे तोडायचा हेही त्याच खुणेवर अवलंबून असते. वर सांगितलेल्या दहा भाषांत संस्कृत नाही. श्लोकांना चुकीने मराठीची खूण राहिली तर समास भलत्या ठिकाणी तुटण्याचा धोका असतो, म्हणून श्लोकासाठी शब्द न तोडण्याची शैली वेगळी करावी हे उत्तम.

ज्यांना ग्रंथच सिद्ध करायचा आहे, संहिता, टीका, पाठभेद आणि सूची यांसह, त्यांनी लाटेकचा विचार करावा असे आमचे मत आहे. १९९१ मध्येच फ्रान्स वेल्थुइस यांनी त्यात देवनागरीची सोय केली होती. २००४ साली झीटेक आल्यापासून युनिकोड मजकूर थेट घेता येतो, आणि पॉलिग्लॉसिया या जोडसामग्रीत मराठी, हिंदी, संस्कृत व इंग्रजी प्रत्येकीला आपली भाषा, फाँट व शब्द तोडण्याचे नियम देता येतात. संस्कृतचेही नियम त्यात आहेत. हे सर्व विनामूल्य आहे. शिकण्यास मात्र कठीण आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. आज्ञा लिहून पान घडवायचे असल्याने पहिले पंधरा दिवस माणूस वैतागतो. आपल्या दर तीन महिन्यांच्या अंकासाठी आम्ही त्याचा आग्रह धरणार नाही. खर्च परवडत नसेल तर स्क्रायबस हा तिसरा मार्ग आहे. २०१७ च्या १.५.३ आवृत्तीपासून त्यात देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. फाँटच्या बाबतीत तर तक्रारीला जागाच उरलेली नाही. आयआयटी मुंबईतून निघालेला शोभिका संस्कृत व शास्त्रीय लेखनासाठीच घडवलेला आहे, लिप्यंतराची रोमन अक्षरेही त्यात आहेत, आणि तो फुकट आहे. एक टाइपचा मुक्ता वेष्टनावरील बारीक मजकुराला चांगला दिसतो.

खरेदीपूर्वी किंवा नवीन अक्षरजुळणीकाराकडे काम देण्यापूर्वी आम्ही एक ओळ टंकित करून पाहतो. ‘राजयक्ष्मा, हिङ्ग्वष्टक, ब्राह्मी, शुद्ध, ॲलर्जी, दुसऱ्या, विरेचन, ½ गुंज’. ही ओळ सॉफ्टवेअरमध्ये, पीडीएफमध्ये आणि छापील कागदावर तिन्ही ठिकाणी सारखी उतरली तर पुढे जावे. ‘दुसऱ्या’ मधला र मुद्दाम घातलेला आहे. मराठीत ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ निराळे, हिंदीला त्या भेदाची गरज नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो गाळला जातो. चरकाचार्यांचे वचन एका मुद्रितात ‘चरकाचाऱ्यांचे’ होऊन आमच्यासमोर आले होते. सूदशास्त्र आणि चिकित्सा यांचे नाते जवळचे असले तरी इतके नव्हे.

‘शुद्ध’ची गोष्ट अधिक गंभीर. पुष्कळ अक्षरजुळणीकार ‘शुध्द’ असे टंकित करतात. ‘ध’ आधी, ‘द’ नंतर. डोळ्याला ते चटकन जाणवत नाही. पण शोध घेताना संगणक ‘शुद्ध’ मागितल्यावर ‘शुध्द’ देणार नाही. ज्या ग्रंथात शुद्ध आणि अशुद्ध द्रव्य यांवर रुग्णाचा जीव अवलंबून असतो, त्यात हा शब्द दोन तऱ्हांनी असणे आम्हांस मान्य नाही.

फार्मसीमालकांसाठी आणखी एक इशारा. वेष्टनाचे चित्र छापखान्यात पाठवताना फाँटचा घोळ नको म्हणून ‘कर्व्ह करून पाठवा’ असे सांगण्यात येते. कर्व्ह केले की अक्षरे अक्षरे राहत नाहीत, रेषांची चित्रे होतात. छपाईला ते सुरक्षित असते. पण पुढल्या वर्षी प्रमाण बदलले, परवाना क्रमांक बदलला, तर त्या चित्रात अक्षर सुधारता येत नाही. मग चित्रकार एक तुकडा कापून दुसरा चिकटवतो, आणि तो तुकडा हिंदी सूचनेचा असला तर ती वाचणारे दुकानात कोणी नसते. वेष्टनाचा संपूर्ण मजकूर, सर्व भाषांत, युनिकोडमध्ये एका साध्या फाइलीत निराळा जपून ठेवावा. औषध निरीक्षकाने विचारले तर दाखवायला, आणि न विचारले तरी स्वतः ताडून पाहायला. पीडीएफवर विसंबू नये. देवनागरीची पीडीएफ डोळ्याला निर्दोष दिसते, पण तीतून मजकूर उचलून दुसरीकडे घेतला तर पुष्कळदा अक्षरे उलटसुलट येतात.

आमच्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे असे की हा सारा खटाटोप करण्यापेक्षा त्रैमासिक सरळ इंग्रजीत काढावे, म्हणजे देशभर वाचले जाईल. तर काहींचे म्हणणे असे की जुने चालते आहे ते चालू द्यावे, अक्षरजुळणीकाराचा हात बसलेला आहे. दुसरे म्हणणे आम्ही समजू शकतो. टंकयंत्राच्या पद्धतीवर वीस वर्षे काम केलेल्या माणसाला इनस्क्रिप्टचा कळफलक शिका म्हणणे हा त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यावर उपाय असा की युनिकोडमध्येही जुन्या टंकयंत्राच्या मांडणीचे कळफलक मिळतात, आणि विंडोज १० मध्ये २०१९ पासून उच्चारानुसारी मराठी कळफलकही आलेला आहे. हात तोच राहू शकतो, आतले साठवण बदलते. पहिल्या म्हणण्याला मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. आर्वी-कारंजाकडचा वैद्य आपल्या रुग्णाच्या तोंडची लक्षणे ज्या शब्दांत ऐकतो त्याच शब्दांत लिहितो. ती इंग्रजीत नेताना जे गळते, ते फाँट बदलताना गळणाऱ्या ‘द्ध’पेक्षा कमी नसते, आणि ते गळले हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

देशभर, नव्हे जगभर, वाचले जाण्याचा मार्ग वेगळा आहे, आणि तो हळदीने दाखवून दिलेला आहे. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. त्यासाठी जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक शोधनिबंध असे छापील पुरावे सादर करावे लागले, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करायला कागद शोधावा लागला, कारण पेटंट तपासणाऱ्याला जे शोधून सापडत नाही ते त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. या अनुभवातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. त्यात संस्कृतातील आणि इतर भाषांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी या पाच भाषांत मांडले गेले, आणि २००९ मध्ये युरोपीय पेटंट कार्यालयाशी झालेल्या करारापासून परदेशी परीक्षक ते पाहू लागले. हे काम ग्रंथोक्त योगांपुरते उत्तम झाले आहे. पण आपल्या जिल्ह्यातील वैद्यांचे अनुभव, स्थानिक वनस्पतींची नावे, त्यांचे उपयोग हे कुठल्या संहितेत नाहीत, ते आपल्या अंकांत आहेत. आणि आपले जुने अंक ज्या फाँटांत आहेत, त्यांत शोध घेणारा कोणीही फक्त कंस आणि डॉलरची चिन्हे पाहील. छापले आहे, पण नाही.

ज्या गावात १९९७ साली हिंदीचे आंतरराष्ट्रीय विश्वविद्यालय स्थापन झाले, ज्याच्या शेजारी पवनारला बसून विनोबांनी सर्व भारतीय भाषांसाठी नागरीचा पर्याय देशापुढे ठेवला, त्या गावातील नियतकालिकाची नागरी परगावच्या संगणकावर वाचता येऊ नये, याची आम्हांस लाज वाटते.

म्हणून कार्यकारिणीच्या संमतीने आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. येत्या अंकापासून लेख फक्त युनिकोडमध्ये स्वीकारले जातील, हाताने लिहिलेले लेख नेहमीप्रमाणे चालतील, ते टंकित करण्याची जबाबदारी आमची. मात्रा अंकांत आणि अक्षरांत दोन्ही तऱ्हांनी छापली जाईल, ‘½ (अर्धी) गुंज’ अशी, आणि जिथे गुंज, माषा वा तोळा असेल तिथे मिलिग्रॅम वा ग्रॅमही दिले जातील. श्लोक संस्कृत नियमाने परसवर्णासह, विवरण मराठी नियमाने. पाठ व कोष्टके यांची मुद्रिते दोन वैद्य वाचतील, एक मोठ्याने आणि दुसरा मूळ प्रतीवर बोट ठेवून. जुळाऱ्यांच्या काळात हे नेहमी होत असे. मधल्या काळात संगणकावर विश्वासून आपण ते सोडले.

जुन्या अंकांचे रूपांतर हे मोठे काम आहे. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तक साधने मिळतात, आणि साधा मजकूर ती बऱ्यापैकी नेतात. अपूर्णांक, जोडाक्षरे आणि मधूनच आलेली लॅटिन नावे यांवर ती अडखळतात, म्हणजे नेमके जिथे आपण अडखळता कामा नये तिथे. मराठी फाँटमध्ये चुकून राहिलेल्या इंग्रजी शब्दालाही ती मराठी समजून फोडतात. म्हणून आम्ही सुरुवात लेखांपासून करणार नाही, पाठांपासून करणार आहोत. विषद्रव्ये असलेले योग पहिल्याने, मग उरलेले. त्या ज्येष्ठ वैद्यांच्या वहीची मूळ प्रत त्यांच्या कुटुंबीयांनी पुन्हा आमच्या हाती दिली आहे, आणि दर रविवारी सकाळी दोघेजण बसून ती ताडून पाहत आहेत. आतापर्यंत वाचलेल्या पानांत गळालेले आणखी तीन अर्धे आणि एक पाव सापडले. ते शुद्धिपत्र स्वतंत्रपणे याच अंकात दिले आहे, ते कापून जुन्या अंकांत चिकटवावे.

ज्यांच्याकडे २००० ते २०१० या काळातील अंकांच्या वा लेखांच्या सीडी, फ्लॉपी किंवा त्या वेळची सॉफ्टवेअरची कुलुपे असतील, संगणकामागील प्रिंटरच्या खाचेत लावायची ती लहान डबी, त्यांनी ती टाकून न देता कार्यालयात आणून द्यावीत. चालणारे कुलूप आम्हांस अद्याप एकच मिळाले आहे, आणि ते लावायला तशी खाच असलेला संगणकही एकच उरला आहे.